किसनआबांच्या माशांचा स्वयंपाक

किसनआबांनी माझ्या देखत पहिली अळी खाल्ली, तेव्हा मी त्यांच्याच ओसरीवर बसून चहात खारी बुडवत होते. त्यांनी तव्यावरची एक अळी चिमटीत उचलली, फुंकर मारली, तोंडात टाकली, डोळे मिटून दोन-चार वेळा चावली आणि म्हणाले, "कुरकुरीत हाय. तेल बी बरं हाय अंगात. मीठ तेवढं न्हाई."

माझी खारी गळून चहात पडली. नर्स म्हणून नोकरीची वीस वर्षं झाली माझी. या हातांनी बाळंतपणं केली, कुत्रं चावलेले पाय धुतले, पोरांच्या नाकातून चिंचोके काढले. मला सहसा कशाचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी कप खाली ठेवला तो पुन्हा उचलवला नाही.

"आबा, अहो काय खाल्लंत हे?"

"खाल्लं न्हाई सिस्टर, चेक केलं," आबा शांतपणे म्हणाले. "आज तळ्यातल्या मागूर माशांना ह्येच जायाचंय. चेक केल्याबिगर माल फुडं जात न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पवनानगरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत त्यांचं घर आहे. मागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहते, कारण माझं उपकेंद्र तिथून चालत दहा मिनिटांवर. आबा आयुष्यभर आंबीला एका बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होते. पट्ट्यावरून येणाऱ्या बिस्किटांतलं एक उचलायचं, मोडून बघायचं, चाखायचं आणि खोक्यावर खडूने 'ओके' लिहायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली, सवय घरी आली. गॅसच्या सिलिंडरवर ओके, पाण्याच्या टाकीवर ओके, माझ्या स्कूटीच्या मागच्या टायरवर ओके. एकदा तर त्यांनी व्यायलेल्या शेळीची नीट पाहणी करून तिच्या पाठीवर ओके लिहिलं होतं.

"सगळ्यावर शिक्के मारलेत," मी एकदा त्यांच्या बायकोला, शेवंतामावशींना म्हटलं. "तुमच्यावर तेवढा राहिलाय."

"मला रिजेक्टच्या खोक्यात टाकलंय," मावशी म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं तितंच हाय."

मावशींना असं बोलायला फार आवडतं. चेहरा मात्र जराही हलत नाही. हसायचं की गप्प बसायचं हे समोरच्याने ठरवायचं.

आता या सगळ्या प्रकरणाचं मूळ सांगते, आणि ते सांगताना मला माझीही चूक कबूल करायला हवी. मावशींना टायफॉइड झाला होता. ताप गेला, पण अंगातली ताकद घेऊन गेला. रक्त कमी. चार पायऱ्या चढल्या की धाप. गोळ्या दिल्या तर मळमळायचं, म्हणून मावशींनी त्या शेळीच्या गोठ्यात पुरून ठेवल्या. अंड्याचा वास सहन होत नाही. कोंबडी जन्मात खाल्ली नाही. डाळ दोन घास. मी वैतागून म्हटलं, "मावशी, प्रथिनं पोटात गेल्याशिवाय तुम्ही उठून बसणार नाही. प्रोटीन पाहिजे, प्रोटीन. काय खाल ते तरी सांगा."

मावशी म्हणाल्या, "मासा खाईन. पर बर्फातला नको. बर्फातला मासा म्हंजी दोनदा मेल्याला."

मावशींचं माहेर धरणात गेलेल्या गावातलं. वडील नदीवर मासे धरायचे, त्यामुळे मासा कसा असावा याबद्दल मावशींची मतं पक्की. तो जिवंत घरात यायला हवा. आणि धरणावर मिळणारा चांगला मासा हल्ली काठावर पर्यटकांसाठी तंबू टाकणाऱ्यांकडे जातो, आमच्यापर्यंत पोचत नाही.

आबा हे सगळं दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या आठवड्यात घरामागच्या शेताच्या पार टोकाला जेसीबी आला.

तळं झालं. काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी भरलं. आबा कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथे त्यांना कुणी सांगितलं, की देशाच्या पूर्वेकडे आजारातून उठलेल्या माणसाला मागूर माशाचा रस्सा देतात, रक्त भरतं. मग काय, मागूर. मिशीवाला, बिनखवल्यांचा, चिखलात राहणारा आणि मधूनमधून वर येऊन हवा घेणारा मासा. परदेशी मागुरावर बंदी आहे, म्हणून आबा भेटेल त्याला आधी "आपला देशी हाय" असं बजावून मगच पुढचं बोलत. तळ्यावर झोपडी बांधली, दुपारचं जेवण तिकडेच न्यायला लागले. हॉटेलवाले मासा घ्यायला येत, आबा त्यांना काठावर भाजून खाऊ घालत. मलाही येता-जाता एखादा मिळे. "कसा लागला?" म्हणून असे खोदून खोदून विचारत, की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटे.

पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्यांनी तो मासा तोंडात घातला नाही. आणि त्याला कारण मी.

झालं असं. पहिली मासळी खाण्याजोगी झाली त्या दिवशी मी मावशींसोबत तळ्यावर गेले होते. माशांच्या खाद्याचं पोतं तिथे पडलेलं. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी सहज विचारलं, "काय घालतात वो ह्येना?" आणि मी शाळेतल्या हुशार मुलीसारखी पोत्यावरचं घडाघडा वाचून दाखवलं. सोयाबीन, भाताचा कोंडा, जीवनसत्त्वं. आणि मासळीची भुकटी.

"मासळी?"

"हो. समुद्रातली बारीक मासळी वाळवून दळतात. याला प्राणिज प्रथिनं लागतात ना, नुसत्या पेंडीवर वाढत नाही हा."

मावशी पाण्याकडे बघत राहिल्या. मग आबांना म्हणाल्या, "माशाला मासा घालताय व्हय? आन् त्यो मी खायाचा?"

"अगं, सगळी दुनिया घालती," आबा म्हणाले.

"दुनियेनं खावा मंग. भाऊबंदाला खाऊन मोटा झाल्याला मासा माझ्या चुलीवर नको."

मी आपली चूक सावरायला गेले. म्हटलं, "मावशी, नदीतली मरळ तरी काय खायची? बारके मासेच की."

"ती भूक लागली की तिची ती धरून खाती," मावशी म्हणाल्या. "कुनी तिला पोत्यातनं आनून घालत न्हाई. त्या बिचाऱ्याला ठावं बी न्हाई आपुन कुनाला खातुय."

आबांनी त्याच दिवशी पोतं बंद केलं आणि घरी येऊन मला म्हणाले, "सिस्टर, मासळी बाद. दुसरं प्रोटीन हुडकायचं." तेव्हापासून प्रोटीन हा शब्द त्यांच्या तोंडी जो बसला, तो उठलाच नाही.

सुरुवात कोंबडीपासून झाली. चिकनच्या दुकानांत आतडी, काळजं, नको ते सगळं टाकून देतात. आबा मोपेडवरून त्याचे डबे भरून आणू लागले आणि घरामागे पत्र्याच्या पिंपात उकळू लागले. माझी खिडकी नेमकी त्याच बाजूला. आठवडाभर मी खिडकी उघडली नाही, आणि पवनानगरचं एकूण एक कुत्रं आमच्या अंगणात मुक्कामाला आलं. आबांनी नियमाप्रमाणे पिंपातलं चाखलं. "हळद पायजे व्हती," म्हणाले. मागूर खूश झाले, भराभर वाढले. मावशींनी एक मासा हातात घेऊन वास घेतला आणि परत पाण्यात सोडला.

मग गांडुळं. त्यांच्यासाठी शेणाचे वाफे केले, पोत्यांनी झाकले, दोन वेळा पाणी शिंपडलं. यात वास नाही, घाण नाही, आता तरी मावशींची हरकत नसेल असं आम्हाला वाटलं. मावशी वाफ्याशी बसल्या, मूठभर माती उचलली, त्यातली वळवळ बघितली.

"ही आपल्या रानात राबतात. बिनपगारी," त्या म्हणाल्या. "राबनाऱ्याला मारून खायाचं?"

आबांनी गांडुळं शेतात सोडली. त्या वर्षी भात चांगला आला, एवढाच त्याचा उपयोग. आणि हो, गांडूळही चेक झालं होतं. त्याबद्दल आबा फक्त "माती लागती" एवढंच म्हणाले, आणि नंतर दोन दिवस भाकरीच्या तुकड्याकडेही संशयाने बघत होते.

पावसाळ्यात बांधावर गोगलगायी निघाल्या. आबांना कुणीतरी सांगितलं, की त्यांच्या मांसात भरपूर प्रोटीन असतं. दोन घमेली भरून आणल्या. ठेचायला दगड घेतला, तशा मावशी घरातून बाहेर आल्या आणि त्यांनी तो दगड हातातून काढून घेतला.

"घर पाटीवर घिऊन फिरत्यात त्या," त्या म्हणाल्या. "घर फुटल्यावर काय हुतं, आमाला इचारा."

एवढंच बोलून त्या आत गेल्या. धरणात गेलेल्या घराबद्दल मावशी कधी बोलत नाहीत. आबा घमेल्यांजवळ खूप वेळ बसून राहिले. मग त्यांनी गोगलगायी उचलल्या आणि लांब नेऊन एका बांधावर अलगद सोडल्या. तो बांध ज्याचा, त्याने तिसऱ्या दिवशी दारात येऊन आबांची खरडपट्टी काढली. त्याची भाजी सगळी खाऊन टाकली होती त्यांनी. आबा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चुकलंच. पर त्या लांब जातील असं वाटलं व्हतं."

"गोगलगायी?" तो माणूस म्हणाला.

असा सगळा कारभार. माणूस वेडा म्हणावा, तर हिशेबात कुठे चुकत नाही. शहाणा म्हणावा, तर अळी खातो. मी त्यांना एकदा स्पष्ट म्हटलं, "आबा, मावशी नाही खात तर नाही. मी दुसऱ्या गोळ्या आणून देते."

"गोळ्या शेळी खाती," आबा म्हणाले. म्हणजे गोठ्यातलं गुपित त्यांना माहीत होतं. "सिस्टर, ती जे बोलती त्यात खोट काय हाय सांगा. न्हाई ना? मंग बदलायचं कुनी? तिनं का मी?"

यानंतर आला सोल्जर. सोल्जर म्हणजे एक काळी माशी. इंग्रजी नाव लांबलचक आहे, आबांनी त्यातलं मधलं तेवढं घेतलं. ही माशी चावत नाही, अन्नावर बसत नाही, रोगराई पसरवत नाही. तिच्या अळ्यांना खरकटं घातलं, की दोन आठवड्यांत गुबगुबीत होतात. त्या वाळवायच्या, भाजायच्या, कुटायच्या, की मासळीच्या भुकटीची जागा त्या घेतात. आबा वडगावहून हे ऐकून आले ते घरात शिरेपर्यंत बोलतच होते.

आता खरकटं कुठून आणायचं? आमच्या पवनेला त्याची काय कमतरता? शनिवार-रविवार काठावर तंबूच तंबू. सोमवारी सकाळी आबा मोपेडला दोन्ही बाजूंनी डबे लावून जात आणि भरून आणत. पहिल्याच सोमवारी मावशींनी झाकण उघडलं. आत बिर्याणी, रोट्या, न मोडलेल्या पनीरच्या वड्या, अर्ध्या खाल्लेल्या केकचा डोंगर.

मावशींचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "ह्ये टाकल्यालं हाय? आमी पुनवेला विहारात खिरीचं पातेलं पुसून खातो, आन् ह्ये टाकून जात्यात?"

संतापाच्या भरात त्यांनी स्वतः ते सगळं अळ्यांच्या टोपल्यांत ओतलं. दुसऱ्या दिवशी बघायला गेल्या तर शीत शिल्लक नव्हतं. मावशी टोपलीशी उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, "ह्यांनी पानात काय टाकलं न्हाई." मावशींच्या तोंडून एवढं कौतुक मी तरी कुणाचं ऐकलं नव्हतं. मोठी झालेली माशी काहीच खात नाही, अळी असताना जे साठवलं त्यावरच चार दिवस जगते आणि अंडी घालून मरते, हे आबांनी त्यांना सांगितलं तेव्हा तर त्या हळहळल्या. आईला घास नाही, म्हणाल्या. तेव्हापासून टोपल्यांची निगा त्याच ठेवू लागल्या.

आबांची तपासणी इथेही चालूच. तंबूवाल्यांच्या खरकट्यात मासेही असत. आबा हातमोजे घालून ओसरीवर बसत आणि बिर्याणीतून माशांचे तुकडे वेचून बाजूला काढत. "अळीनं मासा खाल्ला, ती अळी मागुरानं खाल्ली, म्हंजी फिरून तेच झालं," असं त्यांचं म्हणणं. एखाद्या आईने तांदळातले खडे वेचावेत तसे ते काटे वेचत. त्यात तास-दीड तास सहज जाई.

भाजलेल्या अळ्यांचा कूट, कोंडा, शेंगदाण्याची पेंड हे सगळं मळून त्याचं खाद्य करायचं, तर त्याला यंत्र हवं. आबांनी मावशींचा चकलीचा सोऱ्या पळवला. गच्चीवर प्लास्टिक अंथरून त्यावर शेव पाडत आणि उन्हात वाळवत. एकदा आमचे डॉक्टरसाहेब तपासणीला आले होते, ते माझ्याकडे चहाला आले. गच्चीवरून धरण छान दिसतं म्हणून वर गेले. मी चहा घेऊन वर पोचले तोवर साहेबांनी मूठभर शेव संपवली होती.

"घरची दिसते," ते म्हणाले. "जरा अळणी आहे, पण पौष्टिक."

मी चहाचा कप पुढे केला. नोकरी आहे. आबा मात्र नंतर आठवडाभर छाती काढून फिरत होते. "डाक्टरनं चेक केलं," म्हणत.

एवढं सगळं झालं, वास गेला, मासळीची भुकटी गेली, राबणाऱ्याला मारणं गेलं, घर फोडणं गेलं. अळ्या मावशींनीच वाढवलेल्या. तरी मासा खा म्हटलं, की मावशी म्हणत, "बगू." तळं खणल्याला तोवर तीन वर्षं होत आली होती.

मग परवाच्या उन्हाळ्यात त्या उपकेंद्रात रक्त तपासायला आल्या. आकडा बघून माझं डोकं फिरलं. मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, "किती हट्ट करायचा मावशी? आबा बिचारे किडे खातात तुमच्यासाठी. एक दिवस चक्कर येऊन विहिरीत पडाल, मग काय करतील ते?"

"त्यांचं काय बिगडलंय," मावशी म्हणाल्या. "म्हातारं तितं तळ्यावर रोज मासं चापतंय. तिकडंच भाजतंय, तिकडंच खातंय."

"आबा?" मी कापूस लावता लावता म्हटलं. "मी नाही बाई कधी त्यांना खाताना बघितलं. दुसऱ्यांना भाजून देतात. स्वतः तुम्ही दिलेली भाकरी अन् ठेचाच खातात. मला वाटतं, कंटाळा आला असेल माशांचा."

मी हे अगदी सहज बोलून गेले. तेवढ्यात बाहेर लसीकरणाच्या बाळांचा कल्ला सुरू झाला, म्हणून मी तिकडे वळले. परत आले तर मावशी अजून तशाच बसलेल्या. बोटावरचा कापूस खाली पडला होता.

"कवाच न्हाई?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कवाच खाताना बगितलं न्हाई?"

"नाही, मावशी."

त्या उठल्या आणि चपला घालून निघून गेल्या. तपासणीचा कागद टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. अकराच्या सुमाराला मावशींनी माझं दार वाजवलं. "आज आमच्याकडं जेवायचं," एवढंच बोलल्या. मी गेले, तर ओसरीवर आबा बसलेले, अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, आणि चेहरा असा, की ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईक बसतात त्यांचा असतो.

"तिनं मासा काडाय सांगितला," ते माझ्या कानात म्हणाले. "आपणहून."

मावशींनी राखेने मासा घासून स्वच्छ केला होता. कोकम घालून कालवण, तांदळाची भाकरी. तीन ताटं वाढली. आबा ताटावर बसले, पण हात पुढे जाईना. मावशींकडेच बघत होते. मावशींनी भाकरीचा तुकडा मोडला, माशाच्या बोटभर लांब तुकड्यातला काटा काढला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. चावताना चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"कसा हाय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"खाल्ला की," मावशी म्हणाल्या. "आता तुमी खावा."

मग आबा जेवले. घाईने नाही. एकेक काटा हातात धरून, चोखून, ताटाच्या कडेला नीट ओळीने लावत. मध्येच त्यांचे डोळे भरून आले. "तिखट झालंय," म्हणाले. मी खात होते तेच कालवण, त्यात तिखट बेताचं होतं. मी मान खाली घालून जेवत राहिले.

आबा दुसरी भाकरी घेताना सावरले आणि मग जे सुरू झाले ते थांबेनात. "सिस्टर, बगितलं? सगळी अळीची करामत. प्रोटीन शुद्ध पायजे. मानसाला कळतंच वो पोटात गेल्यावर. तीन वरसं लागली, पर जमलं का न्हाई?" मावशींनी कालवणातला मधला तुकडा उचलून आबांच्या ताटात वाढला.

जेवणं झाल्यावर मी मागच्या दारी भांडी विसळायला गेले. मावशी माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"अळीबिळी काय न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "आजून बी मला त्यो मासा पोत्यातलाच दिसतोय."

"मग खाल्लात कशाला?"

मावशींनी थोडा वेळ पातेलं घासलं. "मला बगाय आलतं ना ह्ये मानूस, तवा माझ्या बापानं वाम माशाचं कालवण केलतं. सगळी म्हनत व्हती पोरगी बगा, पोरगी बगा. ह्यांनी माझ्याकडं मान वर करून बगितलं न्हाई. कालवण मातुर तीनदा मागून घेतलं. म्या आतनं बगत व्हते. म्हनलं, बरा हाय, खानारा हाय." त्या हसल्या नाहीत. "त्या मानसानं माशाच्या तळ्याच्या काटावर बसून तीन वरसं ठेचा खाल्ला. मी खात न्हाई म्हनून. मला येका सबदानं सांगितलं न्हाई. तुमी बोलला तवा कळलं. मंग मी काय दगड हाय का सिस्टर?"

मी पातेलं त्यांच्या हातातून घेतलं आणि धुवायला लागले.

"त्यांना सांगू नगा," मावशी म्हणाल्या. "सोल्जरनंच झालं म्हनू द्या. तीन वरसं किडं खाल्ल्यात त्यांनी."

मी कुणाला सांगितलं नाही. आबांनी मात्र सगळ्या मावळाला सांगितलं. दर आठवड्याला दोनदा घरात मागूर शिजायला लागला, मावशींच्या ओठांवर थोडा रंग आला, आणि पावसाळा सरल्यावर वडगावला शेततळेवाल्यांचा मेळावा झाला तेव्हा आबांना चक्क भाषणाला बोलावलं. माझी तिकडे मीटिंग होतीच. मी आणि मावशी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

आबा झकास बोलले. मासळीच्या भुकटीऐवजी काय काय करून बघितलं, कशात काय खोट निघाली, अळी किती दिवसांत तयार होते, कोंडा किती घालायचा, सगळं न अडखळता. गोगलगायींचं सांगितलं तेव्हा हॉल हसला. शेवटी म्हणाले, "माझी मिसेस हा मासा खात नव्हती. फीड बदललं, आता खाती." टाळ्या पडल्या. मी मावशींकडे तिरक्या नजरेने बघितलं. त्या समोर बघत बसल्या होत्या.

पुढच्या रांगेतून एक तरुण शेतकरी उठला. चौकस होता. म्हणाला, "आबा, अळीमुळंच खायला लागल्या हे कशावरून? दुसरंही काही कारण असू शकेल ना?"

आबा पहिल्यांदाच बोलायचे थांबले. त्यांनी सगळ्या डोक्यांवरून मागच्या बाकाकडे बघितलं, अगदी सावकाश, आणि मावशींनी पदर सारखा केला.

"ते मला सांगता यायचं न्हाई," आबा म्हणाले. "आता घरात आमी दोगंबी खातो, येवढं खरं."

आणि ते खाली बसले.